बॅटरीच्या सायकलला गूळ

...नाय नाय, मला येडा म्हणा, काय बी म्हणा, पण तुम्हीच सांगा, बॅटरीच्या सायकलला कुणी गूळ चारतं का? चारतं का? आमच्या आज्यानं चारला! भर सकाळी, भडकल गेटासमोर, पुण्याच्या पावण्यांच्या देखत! तळहातावर गुळाचा खडा धरला आन् सायकलच्या लाइटखाली, म्हंजे घोड्याचं तोंड जिथं असतंय ना, बरोबर तिथं हात धरून उभा! आन् सायकल खाईना तं माह्याकडं वळून काय म्हणतो, "रुसलीय रं. रातच्याला काय बोल्लास का तिला?"

बोल्लास का तिला! आता रातभर चार्जिंगला लावलेल्या सायकलला मी काय बोलणार, राव?

थांबा, तुम्हाला सांगतो, पयल्यापासनं सांगतो. मी राजकुमार. नाव आईनं ठेवलं, राज्य कुणी दिलं नाय. राहतो पडेगावला. अकरावीपस्तोर शाळेत जात होतो, पुढं शाळेला माझा कंटाळा आला. तव्हापासनं आमच्या इंद्रजीतदादाच्या सायकल-फेरीवर उमेदवारी करतोय. फेरी म्हंजे काय, तं बॅटरीच्या सायकली. पायडल मारायचं नाटक आपण करायचं, जोर बॅटरी लावती. सकाळी निघायचं, जुने दरवाजे बघायचे, गल्ल्या बघायच्या, मधी मधी खायाचं, हितं इमरती, तितं भजे, शेवटाला मटणाचा नान-खलिया, आन् दुपारी ढेकर देत परत. बाहेरगावचे लोक ह्याला 'अनुभव' म्हणतात. आम्ही हेच करत होतो तव्हा आई ह्याला 'उंडारणं' म्हणायची आन् त्याच्याबद्दल मार बसायचा!

आता गल्ल्या मला येतात, पण इतिहास? इतिहासाचं आन् माझं कधी जमलंच नाय. मंग मी काय केलं, तं मी इतिहास तयार केला. लोकायला सांगायचो, "या गेटाखालनं जाताना श्वास धरायचा, नायतं मागचा जन्म आठवतो." अगायायाया! काय दिसायचे लोक! गाल फुगवलेले, डोळे बाहेर, लाल-लाल तोंडं, एकामागं एक सायकलीवर, जशी काय गारुड्याची वरात! एक काका तं गेटाच्या मधीच शिंकले. लगेच त्यांची बायको घाबरून म्हणती, "अहो, काही आठवलं का?" काका बिचारे म्हणतात, "नाही गं. अजून तूच दिसतेयस."

पण ही गोष्ट गेली दादाच्या कानावर. आन् दादानं मला दुकानात बोलवलं. आता हा इंद्रजीतदादा म्हंजे लई शिस्तीचा माणूस. पांढरे बूट घालतो, आमच्या शहरात! तो म्हणला, "राजकुमार, उद्या पुण्याच्या करुणामॅडम येतायत, सोबत त्यांची मुलगी आहे. मी स्वतः मागच्या सायकलवर असणार. एक जरी थाप मारलीस ना, तिथल्या तिथं सायकलची चावी माझ्या हातात द्यायची आणि रिक्षानं घरी जायचं. फेरी नीट झाली, तर तू कायमचा गाइड. समजलं?"

समजलं म्हणलो. आन् रातभर झोप नाय. कारण तुम्हाला सांगतो, थाप मारायची नाय म्हणल्यावर माह्याकडं उरलं काय? खरं तं मला येतच नव्हतं!

बरं, एवढं कमी होतं का? तं सकाळी आई म्हणती, "ह्यायला घेऊन जाय संगं. बाजेवर बसून दिवसभर माझं डोकं खातेत, पारावर जाऊन बसा म्हणलं तं जात नाय, शहर बघायचंय म्हणतेत." 'ह्ये' म्हंजे माझा आजा, धोंडिबा. जन्मभर टांगा हाकला. पडेगावातनं शहर, शहरातनं पडेगाव. लोक शहराला कुणी औरंगाबाद म्हणतंय, कुणी संभाजीनगर म्हणतंय, आज्याचं नाव एकच, 'शहर'. आन् घोडीचं नाव बी एकच. मैना. आज्याच्या चार घोड्या झाल्या, चारीचं नाव मैना! एक गेली की दुसरी आणायची, आन् दारात आणली की तिच्या कानात सांगायचं, "तू मैना." घरात सुना बदलल्या, सरकारं बदलली, मैना बदलली नाय. शेवटची मैना मी तिसरीत होतो तव्हा गेली. पाचवी आज्यानं आणली नाय. टांगा दौलताबाद रोडच्या एका ढाब्यावाल्यानं नेला, त्यानं त्याच्यात कुंड्या ठेवल्यात. लोक तिथं फोटो काढतेत. आजा त्या रस्त्यानं जातच नाय.

पण तव्हापासनं घरात काय बी बिघडू द्या. लाइट गेली, पाव्हणा उशिरा आला, भाजीत मीठ जास्त झालं... आजा बाजेवरनं म्हणणार, "मैना असती तं असं झालं नसतं." भाजीत मीठ! त्याचा मैनेशी काय संबंध, सांगा ना!

तं गुळाचा तमाशा झाला आन् भडकल गेटापासनं अशी आमची वरात निघाली. पुढं मी, माह्या क्यारेजवर आजा, काखेत एक पिशवी गच्च धरलेला. मागं करुणामॅडम, पन्नाशीच्या, चष्मा, डोक्यावर टोपी. त्यांच्या मागं त्यांची सायली, ती एका हातानं सायकल धरती आन् एका हातानं मोबाइल. अन् शेवटी पांढरे बूट.

निघतानाच मॅडम म्हणल्या, "तुमच्या फेरीत टांगा नाही का हो? मी इथंच वाढले. वडील नागसेनवनात बाबासाहेबांच्या कॉलेजला शिकवायचे. आम्ही सगळी मुलं टांग्यानं शाळेत जायचो."

आज्यानं लगेच हात जोडले, "जय भीम, बाई. कुणाचा टांगा व्हता?"

"जय भीम. नाव नाही आठवत, पण घोडा काळा होता."

तुम्हाला सांगतो, आज्याचं तोंड असं झालं, जशी काय चहात माशी पडली. "काळा? म्हंजे सर्जेरावचा? चोर व्हता त्यो!"

"घोडा?"

"सर्जेराव!"

कारण आज्यानं जन्मात दोन गोष्टी माफ केल्या नाय. एक सर्जेरावचा काळा घोडा, जो सारखा पुढं पळायचा. आन् दुसरं, त्या काळ्या घोड्याच्या टांग्यातले पोट्टे, जे मागं वळून मैनेला चिडवायचे. ह्या पोट्ट्यायच्या नावानं आजून बी आमच्या घरात शिव्या पडतात, बरं का. जेवताना ठसका लागला की आजा म्हणतो, "ते पोट्टे आठवण काढत असतेल, हलकट!"

निघालो. दोन मिनिटं झाली, सगळं झकास, आन् तेवढ्यात माझा हात आपोआप ब्रेकवर. गपकन थांबलो. माह्या मागं मॅडम, त्यांच्या मागं सायली, सगळ्यायचे ब्रेक कच्चकन.

सायली म्हणती, "इथे काय आहे?"

मी बघतो तं हितं मोबाइलच्या कव्हराचं दुकान. मला बी कळंना मी का थांबलो! थाप तोंडापर्यंत आली, आसं वाटलं सांगावं हितं राणीची अंगठी हारवली होती... पण मागं पांढरे बूट. थाप गिळली. आन् तोंडातनं खरंच निघालं, "हितं पाणी पाजायचंय."

"कुणाला?"

आता ह्याला मी काय सांगू? पण मागनं आजा म्हणला, "बरूबर थांबला! हितं दगडी हौद व्हता. मैना हितं पाणी पिल्याबिगर पाऊल उचलत नव्हती." आन् उतरून कव्हराच्या दुकानासमोर उभा राहिला, हात कमरेवर, घोडी पाणी पिऊन व्हईस्तोर थांबायचं तसा. आम्ही बी थांबलो. काय करणार? दुकानवाला म्हणतो, "चाचा, कौनसा मॉडेल होना?"

आजा म्हणला, "चौथी!"

तव्हा माह्या डोक्यात उजेड पडला, राव. मी शहर कुठं शिकलो? टांग्याच्या पुढच्या फळीवर! आज्याच्या मांडीत बसून, हातात लगामाचं शेपूट धरून! दरवाज्याचं नाव, सन, कुणी बांधला, ह्यातलं मला घंटा येत नाय, पण मैना कुठं थांबायची ते माह्या हाताला पाठ होतं. शाळंनं शिकवलेलं सगळं इसरलो आन् घोडीनं शिकवलेलं ध्यानात राह्यलं! आन् हे ब्रेक! बॅटरीच्या सायकलचे ब्रेक तं निस्ता हात लागला की लागतात!

मंग काय, औरंगपुऱ्यात इमरती खाल्ली, इथपस्तोर ठीक. मॅडम डोळे मिटून खात होत्या, सायली म्हणत होती, "आई, हे म्हणजे साखर तळलीय." पुढं निघालो आन् पुन्हा कच्चकन! ह्या बारीनं एटीएमसमोर. लोकायची रांग.

मी पुन्हा थाप गिळली. पण आजा गप बसतोय? "हितं लिंबाचं झाड व्हतं. त्याच्या सावलीला मैना..." आन् मॅडमकडं बघून जरा लाजला, "...मैना हलकी व्हायची."

रांगंतल्या माणसायनं पायाखाली बघितलं, राव!

सायलीनं हसून हसून मोबाइल सोडला. दादा मागनं आला, बारीक आवाजात, दात दाबून, "राजकुमार, हे ऐतिहासिक स्थळ आहे का?" मी म्हणलं, "दादा, थाप मारू नको म्हणला व्हता." आजा म्हणला, "मैना असती तं ह्यो प्रश्न पडलाच नसता." बरोबर, मैना असती तं उत्तर जमिनीवर दिसलं असतं!

मंग गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. नालबंदाचं दुकान. म्हंजे जिथं घोड्यायला नाल ठोकायचे ते. आता तिथं बायकायच्या सँडली विकतात. पुन्हा माझा हात, पुन्हा कच्चकन, पुन्हा आजा खाली, आन् दुकानातल्या एका चमकीच्या सँडलचा तळवा उलटा करून ठोकून बघतो! "फुसका हाय. मैना असती तं एका दिसात फेकला असता." दुकानवाला म्हणतो, "बाबा, मैनाला घेऊन या ना, दुसरा नंबर दाखवतो."

आन् खरी वाट पुढं लागली. शहागंजकडच्या बारीक गल्लीत घुसलो. गल्ली कशी, तं दोन जाडे माणसं समोरासमोर आले तं एकानं मागं जायाचं. आन् ह्या सायकलीला आवाजच नाय ना! पेट्रोलची गाडी येती तं माणूस आपोआप बाजूला व्हतो, घोडं येतंय तं दुरूनच कळतंय, आन् हे? हे भुतावानी मागं येऊन उभं! हॉर्न हाय, पण हॉर्न म्हंजे 'पीं'. डासाला सर्दी झाली तं तो तसा वरडंल. मी 'पीं', सायली 'पीं', मॅडम 'पीं', एक माणूस हालंना! आन् पुढं एकजण अंड्याचे ट्रे डोक्यावर घेऊन निघाला व्हता. दादा म्हणला थांबा, मी पुढं होतो, मी दाखवतो. आला पुढं, त्या माणसाच्या अगदी मागं गेला आन् मारला 'पीं'.

माणूस दचकला. ट्रे हालला. एकच अंडं पडलं, राव, एकच! आन् साऱ्या गल्लीत पडायला त्याला पांढरा बूट घावला!

 दादानं बूट बघितला. मंग मला बघितलं. मंग हात पुढं केला.

"चावी दे."

"दादा, माझी काय..."

"कव्हराच्या दुकानासमोर थांबवलंस. एटीएमपुढं थांबवलंस. सँडलच्या दुकानात नेलंस. थाप नाही मारलीस, मान्य. पण खरं एकही सांगितलं नाहीस. चावी दे, राजकुमार."

तुम्हाला सांगतो, मी आजवर लई लोकायला फसवलं, लई जणांनी मला हाकललं, मला कधी काय वाटलं नाय. पण ह्या बारीला सायकलला लावलेली चावी काढायला हात पुढं जाईना. कारण पयल्यांदा मला वाटलं व्हतं, की ह्ये काम आपलं हाय. ह्या गल्ल्या, ह्ये ऊन, ह्यो तेलाचा वास. आज्याच्या मांडीतनं उतरल्यावर एवढं उंच बसून ह्ये शहर मी पुन्हा बघितलंच नव्हतं. आन् क्यारेजवर आजा. त्याला आता घरी न्यायचा, पुन्हा बाजेवर ठेवायचा.

आजा "मैना असती तं" बी म्हणला नाय. तव्हा मला भ्या वाटलं. खाली उतरला, काखंतली पिशवी उघडली आन् आतनं काढली घुंगरमाळ. मैनेची! आमच्या घरात मी ती वळचणीला हुडकली, पेटीत हुडकली, गळ्यात घालून आत्याला भूत दाखवायला पाह्यजे व्हती मला, कधी सापडली नाय. आज्याच्या उशीत व्हती! आज्यानं ती सायकलच्या हँडलाला बांधली. दोन येढे, वर गाठ, घोडीच्या गळ्यात बांधायचा तशीच. आन् मला म्हणला, "हाक."

मी दादाकडं बघितलं. दादा बूट पुसत व्हता. मी हाकली.

छन्. छन्. छन् छन् छन्...

अहो, काय सांगू तुम्हाला! गल्ली उघडली! अंड्यावाला बाजूला, बुरख्यातल्या बाया बाजूला, एक म्हातारं कुत्रं तं उठून असं भिंतीला लागून उभं राह्यलं, जसं काय त्याला ठावंच व्हतं. कुणी वळून बघितलं नाय, कुणी इचारलं नाय, पाय आपोआप सरकले. माह्या हातासारखेच, ब्रेकसारखेच! आन् मंग दुकानांतनं डोके बाहेर. सगळे पिकलेले. शिलाई मशिनीवरनं एक उठला, अत्तराच्या दुकानातनं एक आला, आन् नानच्या भट्टीतनं मोईनचाचा, अर्धा पिठानं पांढरा, भट्टीची सळई हातातच.

"अरे धोंडिबा! जिंदा है क्या रे तू?"

"हौ ना! तुह्या परवानगीनं मरू का?"

"मैं बोलाच! घुंगरू सुने तो बोला, दोपहर हो गई, मैना आ गई!" आन् बोलता बोलता चाचा आत वळला, भट्टीच्या कडंला लावलेल्या नानातनं एक करपलेला काढला आन् घेऊन आला. "ले. मैना का."

कारण रोज तसंच व्हतं म्हणं. करपलेला नान गिऱ्हाइकाला नाय, मैनेला. चाचा सायकलपस्तोर आला, हात पुढं केला... आन् तिथं हँडल. चाचा हँडलाकडं बघतोय, आजा चाचाकडं बघतोय, नान मधी. मला हसू येत व्हतं, आईशप्पथ, एवढं हसू येत व्हतं, आन् येईना.

मंग आज्यानं नान घेतला, मोडला आन् अर्धा माह्या तोंडात कोंबला. "खाय. चौथीचा तूच उरला हायस."

मी खाल्ला. कडू, धुराचा, गरम. डोळ्यात पाणी आलं ते धुरानं, बरं का. हसू नका.

आन् तेवढ्यात मागनं करुणामॅडमचा आवाज. एकदम बारीक, लहान पोरीसारखा. 

"मैना थांबली, शाळा लांबली!"

आजा असा गर्रकन वळला!

मॅडमनी तोंडावर हात ठेवला व्हता. म्हणल्या, "पांढरी होती ना ती? आमच्या टांग्याच्या मागं असायची. मधेच थांबायची, आणि आम्ही सगळे मागं वळून ओरडायचो... सकाळपासून नाव ऐकतेय तरी आठवलं नाही, घुंगरू ऐकले आणि आपोआप तोंडात आलं हो!"

"म्हंजे," आजा म्हणला, आन् त्याचा आवाज, तुम्हाला सांगतो, उभ्या गल्लीत गेला, "ते पोट्टे तुम्ही व्हय!"

म्या म्हणलं, मेलो. चावी तं गेलीच, आता आजा पुण्याच्या पावणीला चाबकानं हाणतो. जन्माच्या शिव्या, जेवणातले ठसके, सगळे ह्या एका बाईच्या नावानं!

आजा तिच्यापुढं गेला. असा बघत राह्यला. आन् म्हणला, "ती मैना दुसरी व्हती, बाई. लई मानी. तुम्ही चिडवलं की रुसायची, मंग मी गूळ द्यायचो तव्हा निघायची." मंग म्हणला, "पुन्हा म्हण की."

"काय?"

"ते. मैना थांबली."

आन् मॅडमनं म्हणलं. शिलाईवाल्यानं बी म्हणलं. मोईनचाचानं सळई आपटून म्हणलं. सायलीला काय कळंना, ती बी म्हणायला लागली. आजा मधी उभा, डोळे मिटून, असा ऐकतोय जशी काय आरती चाल्लीय! ज्याच्यावर जन्मभर दात खाल्ले, त्याचीच आठवण काढत व्हता म्हातारा. आपल्याला काय ठावं!

पुढं मंग खलिया आला, नान आले, सगळे एका बाकड्यावर. मॅडम इचारणार, "तो हौद कुठं होता?" आजा सांगणार, आन् निम्मं चूक सांगणार, मंग अत्तरवाला म्हणणार, "नै रे, वो लिंब का झाड उधर था," आन् दोघं भांडणार. एका झाडावरनं, जे हायच नाय! दादा एका अंड्याच्या बुटानं बसून सगळं ऐकत व्हता. खाऊन झालं, हात धुतले आन् दादा उठून आमच्याकडं आला. मी चावी काढूनच ठेवली व्हती. 

दादा म्हणला, "उद्यापासून रोज यायचं. हीच फेरी. हौद, झाड, नालबंद, भट्टी. घुंगरासकट."

मी म्हणलं, "दादा! आईशप्पथ, येतो!"

"तुला नाही," दादा म्हणला. "बाबांना सांगतोय."

ऐकलं का? नोकरी लागली! आज्याला! बाजेवरच्या माणसाला! आन् मला काय? तं, "तू पण ये. बाबांना बसवून आणायला कोणीतरी लागेल."

तव्हापासनं रोज सकाळी आजा माह्या आधी तयार, टोपी घालून दारात. आई म्हणती घर कसं मोकळं वाटतं, भाजीत मीठ बी बरोबर पडतं. फेरीला पावणे लई येतात, भडकल गेटाखाली आता कुणी गाल फुगवत नाय, सगळे मोबाइलच्या कव्हरासमोर गप उभे राहतात, हात कमरेवर. आन् निघायच्या आधी आजा सगळ्या सायकलींच्या पुढं फिरतो, एकेकीला म्हणतो "तू मैना", आन् एकेकीच्या हँडलाला गूळ लावतो. रोज! आन् ते हँडल सांजच्याला पुसायचं काम कुणाचं? माझं! मुंग्या, राव, मुंग्या! ब्रेकात मुंग्या, हॉर्नमधी मुंग्या, आता तं 'पीं' बी वाजत नाय!

मैना असती ना, तं निदान गूळ तरी खाल्ला असता.